एक कोयता, एक मंडळ, एक पोथी

(अंबाजोगाई येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बीड जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते बऱ्याचदा एखाद्या आकड्यामुळे. ८०७ हा त्यातला एक आकडा. १३,८६१ हा दुसरा. ‘८०-११०’ हा तिसरा. पहिला लोकसंख्याशास्त्राचा, दुसरा वैद्यकाचा, तिसरा विम्याच्या गणिताचा. तिन्ही आकडे दिल्ली-मुंबईच्या बैठकांत फिरले, त्यांवर लेख झाले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. ‘विविध विद्याशाखांतील संशोधनात मॉडेल आणि डेटा’ हा विषय आयोजकांनी मला दिला, तेव्हा उदाहरणांसाठी लांब जायची गरज मला वाटली नाही.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. कुठल्याही संशोधनात समीकरण मांडण्याच्या आधी एक निर्णय झालेला असतो, तो म्हणजे ‘एक’ कशाला म्हणायचे. एक कामगार म्हणजे कोण, एक गाव कुठे संपते, एक हंगाम कधी धरायचा. हा निर्णय बहुधा संशोधक घेतच नाही. तो मुकादमाच्या वहीने, जनगणनेच्या वेळापत्रकाने किंवा महसुली नकाशाने आधीच घेतलेला असतो. पुढची आकडेमोड कितीही बिनचूक असली तरी तिचे उत्तर त्या निर्णयाच्या कुंपणाबाहेर जात नाही. मॉडेलवर वाद घालणारे विद्वान मी खूप पाहिले. घटकावर वाद घालणारे फार थोडे.

कोयत्यापासून सुरुवात करतो. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि वहीत नाव लागते ते सहसा पुरुषाचे. बाई ऊस तोडते, वाढे सवळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि कागदावर ती अर्ध्या कोयत्याच्या रूपाने उरते. आता समजा, अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने ऊसतोड मजुरांच्या मिळकतीचा अभ्यास करायचा ठरवला. कारखान्याकडून टनाचा हिशेब मिळेल, मुकादमाकडून उचलीचा. या दोन्हींतून त्याला कोयत्याची मिळकत कळेल. बाईची मिळकत कितीही हुशारीने काढू म्हटले तरी निघणार नाही, कारण नोंद घेतानाच ती जोडीत विरघळलेली आहे.

याचा परिणाम वैद्यकातल्या संशोधनावर थेट होतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशापुढे आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वर्षी जून-जुलैत जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवताना सावध राहायला हवे, वयोगट सारखे धरलेले नाहीत. तरीही एवढी तफावत एकट्या वयाने भरून निघेल असे मानणे कठीण आहे.

मग कारण काय? इथे तीन विद्याशाखा तीन उत्तरे घेऊन येतात. कामाचा अभ्यास करणारे खाड्याकडे बोट दाखवतात. एक दिवस कामावर गेले नाही की पैसे कापले जातात, कोपीवर ना पाण्याची सोय ना शौचालयाची, पाळीचे चार दिवस म्हणजे मिळकतीवर घाव. वैद्यकाचे अभ्यासक खासगी दवाखान्यांकडे पाहतात, जिथे साध्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला दिला गेला. समाजशास्त्र लवकरची लग्ने आणि लवकरची बाळंतपणे मोजते. तिन्ही कारणे खरी असू शकतात. त्यांतले कुठले किती, हे ठरवायचे तर एकाच बाईचा खाडा, तिच्या दवाखान्याचा कागद आणि तिच्या बाळंतपणाचा इतिहास एकत्र जुळायला हवा. दवाखान्याचा कागद तिच्या नावाने आहे. बाळंतपणाची नोंद तिच्या नावाने आहे. खाडा मात्र कोयत्याच्या नावाने आहे. साखळीची कडी तिथे तुटते, आणि कितीही आधुनिक संख्याशास्त्र वापरले तरी ती जोडता येत नाही. माझ्या मते बाईचे नाव मुकादमाच्या वहीत स्वतंत्र लागणे हा तिच्या हक्काचा प्रश्न तर आहेच, तो संशोधनाचाही पहिला प्रश्न आहे.

ती पाहणी जून-जुलैत झाली, म्हणजे टोळ्या गावी परतल्यावर, ही बाब लक्षात ठेवा. कारण ८०७ या आकड्याची गोष्ट नेमकी उलट आहे.

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ झाल्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी परळीतले गर्भपाताचे प्रकरण उघड झाले आणि या आकड्यामागे काय चालले होते ते साऱ्या देशाने पाहिले. आता जनगणनेच्या तारखा पाहा. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. ऐन गाळपाच्या दिवसांत. नियम असा होता की या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याला घरी मोजायचे नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा. दसरा-दिवाळीनंतर गेलेल्या टोळ्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात होत्या. म्हणजे बीडचा ८०७ हा मागे राहिलेल्या बीडचा आकडा आहे.

एखादा चतुर माणूस यावरून म्हणू शकेल की मग हा आकडाच फसवा आहे, मुली आई-बापांबरोबर उसाच्या फडात होत्या म्हणून इथे कमी दिसल्या. या शंकेला भावनेने उत्तर देऊ नये, आकड्याने द्यावे. मॉडेलचा खरा उपयोग अशा वेळी होतो. समजा, जिल्ह्यातले एकचतुर्थांश मुलगे स्थलांतरात होते. हे मी मुद्दाम मोठे गृहीत धरतो आहे. आणि समजा, खरे प्रमाण २००१ इतकेच, ८९४ होते. एकूण हजार मुलगे धरले तर २५० बाहेर गेले, ७५० मागे राहिले. मागे राहिलेल्या ७५० मुलग्यांमागे ८०७ च्या प्रमाणाने ६०५ मुली होतात. एकूण मुली ८९४ हव्यात, म्हणजे बाहेर २८९ गेलेल्या असल्या पाहिजेत. २५० मुलग्यांमागे २८९ मुली! फडावर दर हजार मुलग्यांमागे साडेअकराशेहून जास्त मुली असतील तरच ८०७ हा निव्वळ मोजणीचा भास ठरेल. असा फड कुणी पाहिला आहे का? म्हणून ८०७ मधला अन्याय खरा आहे. स्थलांतराने त्यात थोडी भर किंवा घट झालेली असू शकते, पण त्याने तो पुसला जात नाही.

कागदावर चार ओळींत होणाऱ्या या हिशेबालाही मॉडेलच म्हणतात. गृहीतक उघड सांगितले, ते टोकापर्यंत ताणले, आणि मग उत्तर माणसांच्या जगात बसते का ते पाहिले. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर पंचीकरण लिहिले, सृष्टीचा सारा पसारा पाच तत्त्वांत बसवून दाखवला. काय ठेवले आणि काय गाळले हे त्या मांडणीत डोळ्यांसमोर पसरलेले आहे. संशोधकाने आपले मॉडेल तितके उघडे पसरून ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.

आता पीकविमा. या विषयावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात मॉडेल हा शब्द सर्वाधिक लोकांच्या तोंडी आहे तो इथेच, ‘बीड मॉडेल’ किंवा ‘बीड पॅटर्न’ म्हणून. २०२० च्या खरिपात बीडसाठी एकही विमा कंपनी पुढे आली नाही. शेवटी भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर वेगळी रचना ठरली. नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनी देईल, त्यावरची राज्य सरकार. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकीचे पैसे सरकारला परत करायचे. पुढे २०२२ मध्ये हीच रचना राज्यभर आली, २०२३ मध्ये तिला एक रुपयात विम्याची जोड मिळाली आणि २०२५ मध्ये एक रुपयाची योजना बंद झाली. या सगळ्यावर राजकीय चर्चा भरपूर झाली. पण ८० आणि ११० ही कंपनी आणि सरकार यांच्यातली वाटणी आहे. शेतकऱ्याला किती मिळणार हे ठरते ते त्याच्या खालच्या मजल्यावर, पीक कापणी प्रयोगात.

तो प्रयोग कसा होतो? महसूल मंडळातले गाव, गावातला गट क्रमांक आणि गटातली जागा, सगळे यादृच्छिक संख्यांनी ठरते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहायचे, ठरलेली पावले लांबीकडे, ठरलेली रुंदीकडे. तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणून ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे, वाळवून पुन्हा तोलायचे. ज्याने हे एकदा जवळून पाहिले त्याला कळते की दोरी वीतभर कुठे सरकली यावर किती अवलंबून आहे. चौकोनाच्या कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. याच प्रश्नावर १९४० च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रातला एक मोठा वाद झाला. एका बाजूला कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. महालनोबिस लहान तुकडे कापून भरपूर नमुने घ्यावेत या मताचे होते. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा लहान केला की कापणाऱ्याचा हात कडेची झाडे आत ओढतो आणि उत्पन्न फुगते. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. त्याच काळात व्ही. जी. पानसे यांनी वऱ्हाडातल्या कपाशीवर नमुना कापणीची पद्धत बसवली. त्याआधी पिकाचा अंदाज नजर आणेवारीने होत असे, म्हणजे अधिकाऱ्याच्या डोळ्याला जे वाटेल ते. पुढे १९५४ मध्ये पानसे-सुखात्मे यांचे शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक आले आणि कृषी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर घडल्या. दोरी, खुंटी आणि तागडी यांच्याबद्दल एवढी आस्था बाळगणारे हे गणिती होते. ती आस्था मला त्यांच्या सूत्रांहूनही मोठी वाटते.

या कापणीवर विमा उभा करण्याची कल्पनाही मराठी माणसाचीच. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये मांडले की प्रत्येक शेताचे नुकसान मोजत बसणे अशक्य आहे आणि त्यात लबाडीला वाव आहे. म्हणून साधारण सारखी परिस्थिती असलेला भाग एक घटक धरावा, त्याचे सरासरी उत्पन्न घटले की त्यातल्या सर्वांना सारखी भरपाई द्यावी. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना या तत्त्वावर आली आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाही त्याच पायावर उभी आहे.

आता बीडमधला शेतकरी काय अनुभवतो ते पाहा. घटक आहे महसूल मंडळ. मंडळात एका पिकाचे दहा प्रयोग. एका कडेला ढगफुटी झाली, माती वाहून गेली, दुसऱ्या कडेला पीक जेमतेम बरे आले. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली की वाहून गेलेल्या शेतालाही या हिशेबात काही नाही. साहजिकच मागणी होते की घटक गाव करा. मागणी न्याय्य आहे. पण त्यात एक अडचण दडलेली आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. समजा, शेताशेतांतल्या उत्पन्नात ३० टक्क्यांचा चढउतार आहे. दहा प्रयोगांच्या सरासरीत नमुन्याची प्रमाण चूक साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते. गावपातळीवर नियमाप्रमाणे प्रमुख पिकाचे किमान चार प्रयोग घेतले तर ती १५ टक्के होते. घटक लहान केला की तो शेतकऱ्याच्या जवळ येतो, आणि त्याच वेळी मोजमाप डळमळीत होते. दोन्ही साधायचे तर प्रयोगांची संख्या कित्येक पटींनी वाढवावी लागेल, तेवढी माणसे लागतील, आणि सगळी कापणी एकाच पंधरवड्यात उरकावी लागेल. यावर फुकटचा उपाय नाही. जो सांगेल की आहे, त्याच्याकडे दोरी कुठे ताणली ते विचारावे.

आणखी एक गृहीतक उंबरठा उत्पन्नात आहे. मागच्या सात वर्षांपैकी चांगली पाच घ्यायची, त्यांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणायचे. दोन वाईट वर्षे वगळल्याने शेतकऱ्याचा फायदा व्हावा हा हेतू. पण यात धरले आहे की सातात वाईट वर्षे दोनच असतात. २०१२ ते २०१८ ही सात वर्षे घ्या. मराठवाड्यात २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही दुष्काळाची. चार वाईट वर्षांपैकी दोन वगळली, दोन सरासरीत राहिली आणि उंबरठा खाली ओढून गेली. जितका दुष्काळ जास्त, तितका उंबरठा खाली, तितकी भरपाई मिळणे अवघड. बागायती जिल्ह्यात हेच सूत्र निर्दोष चालते. सूत्र एकच, अन्याय फक्त आष्टी-पाटोद्यासारख्या भागात.

उपग्रहाबद्दल थोडेच सांगतो. २०२३ पासून उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आधी भात-गव्हाला लागू झाली, नंतर सोयाबीनला. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह दहा मीटरचा चौकोन पाहतो. खरिपात ढग आडवे येतात, तेव्हा रडारवाल्या सेंटिनेल-१ ची मदत घेतात. सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे असले की एका चौकोनात दोन पिके मिसळतात. शिवाय उपग्रहाला उत्पन्न शिकवायचे ते जमिनीवरच्या कापणीवरूनच. दोरी चुकली असेल तर उपग्रहही तीच चूक शिकतो, आणि आकाशातून आलेली चूक कुणी तपासायला जात नाही. तंत्राला माझा विरोध नाही. कापणी स्वस्तात उरकण्याचे निमित्त म्हणून ते वापरायला माझा ठाम विरोध आहे.

सभागृहात मराठीचे आणि इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यांना वाटत असेल की हा प्रपंच आपला नव्हे. तो तुमचाच अधिक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत झाले. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्यावरून ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले. व्याकरण म्हणजे भाषेचे मॉडेलच, विभक्तीचे कुठले रूप कधी येते याचा नियम. राजवाड्यांची प्रज्ञा वादातीत आहे आणि ते व्याकरण आजही वाचून थक्क व्हायला होते. पण नमुना एक. एका पोथीतले रूप हे तेराव्या शतकाचे, की त्या पोथीच्या लेखकाच्या गावचे, की त्याच्या हाताच्या सवयीचे, हे एका पोथीवरून ठरत नाही. त्याआधी सव्वातीनशे वर्षे, शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. त्यांनी पोथ्यांचा समूह हाताशी धरला, राजवाड्यांनी सर्वांत जुनी वाटलेली एक पोथी धरली. एकाने सरासरीकडे पाहिले, दुसऱ्याने मुळाकडे. दोन्ही मार्गांना आपापले धोके आहेत, आणि कापणीच्या चौकोनावरून झालेल्या वादाशी त्यांचे नाते सख्ख्या भावाचे आहे. आज मराठी मजकूर संगणकात भरून भाषेची मॉडेल्स तयार होत आहेत. त्यात पुण्या-मुंबईचा छापील मजकूर किती आणि केज-धारूरची बोली किती, हे विचारण्याचा पहिला अधिकार मराठीच्या प्राध्यापकांचा आहे.

गृहीतके उघडी ठेवण्यावरून सुखात्मे आणि दांडेकर यांचा एक वाद इथे सांगितलाच पाहिजे. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास केला तेव्हा माणशी रोज २,२५० उष्मांक हा आधार धरला. सुखात्म्यांचा आक्षेप होता की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर त्याच्याशी जुळवून घेते, म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला भुकेला म्हणता येत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हते. यातून भुकेचा प्रश्नच लहान करून दाखवला जाईल असे त्यांना वाटत होते. दोघेही पुण्यात, दोघेही संख्याशास्त्र कोळून प्यालेले, आणि वर्षानुवर्षे छापील लेखांतून एकमेकांशी भांडले. मला यात दांडेकरांची बाजू पटते. पण हा वाद होऊ शकला, कारण दोघांनी आपापली गृहीतके उघड्यावर ठेवली होती. आज विमा कंपनीच्या संगणकातल्या मॉडेलशी एखाद्या शेतकऱ्याने असा वाद घालायचा म्हटले तर तो कशाच्या आधारे घालणार?

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांपुढे मी एक काम ठेवतो. यासाठी अनुदान लागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातली तीन-चार गावे घ्यावीत. तिथल्या पीक कापणी प्रयोगांना कृषी, संख्याशास्त्र आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी हजर राहावे, वजनांची नोंद स्वतःच्या वहीत करावी, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंदलेला पाऊस आणि गावात साध्या मापकाने मोजलेला पाऊस रोज शेजारी शेजारी लिहावा. ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी मंडळाच्या ठिकाणी नोंदली गेली नाही म्हणून गाव पंचनाम्यातून सुटते, तेव्हा ती वही कामाला येईल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या आज्यांची बोली ध्वनिमुद्रित करावी, कुणाची, कुठल्या गावची, किती वयाची, एवढे तपशील न चुकता लिहून. आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थिनींनी टोळ्यांतल्या बायकांची यादी करावी, कोयत्यांची नव्हे. बाईचे नाव, वय, कितवा हंगाम, गेल्या हंगामात किती खाडे, हे तिने सांगितले तसे, तिच्या परवानगीने, आणि नावांची वही कुलपात ठेवून.

सोयाबीनची कापणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत टोळ्या गाव सोडतात, आणि मग बायकांची यादी करायला चैत्र उजाडावा लागतो. दोन्ही कामांचे विद्यार्थी गणपतीपर्यंत निवडले गेले पाहिजेत. वह्या आखून देण्याचे काम मी करतो. ज्या महाविद्यालयांना हव्या असतील त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडे गावांची नावे द्यावीत.